उबेचे पंचांग

मृग लागायला दोन दिवस होते. मत्स्यबीज केंद्राच्या प्रजनक तळ्यात पहाटेच जाळे ओढून झाले होते. गुडघाभर पाण्यात उभे असलेले एक जुने कामगार एकेक रोहू हातात घेत होते आणि त्याच्या छातीच्या परावरून अंगठा फिरवत होते. पर गुळगुळीत लागला की मादी, खरखरीत लागला की नर. नर असला तर पोट खालच्या अंगाला हलकेच दाबायचे. दुधासारखा दाट थेंब आला की मासा हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत, नाही आला की परत तळ्यात. एका माशाला पाव मिनिटही लागत नव्हते. मी विद्यार्थ्यांना घेऊन काठावर उभा होतो. मान वर न करताच त्यांनी मला विचारले, “सर, यंदा नर वैशाखातच पांढरं देत होते. आता पातळ झालेत बघा. माद्या आत्ता कुठे भरल्यात. असं का व्हावं?”

मी दिलेले उत्तर अर्धवट होते. उन्हाळा कडक गेला, पाणी लवकर तापले, एवढेच मी सांगू शकलो. पाणी तापल्याने नर लवकर का पिकावा, पिकल्यावर तो लवकर का ओसरावा आणि त्याच पाण्यातली मादी मागे का राहावी, हे तीन प्रश्न मी घरी घेऊन आलो. त्या तीन प्रश्नांचा माग काढता काढता हे पुस्तक झाले.

मत्स्यव्यवसायात आणि मत्स्यशास्त्रातही नर कायम मागच्या रांगेत राहिला. सगळा हिशेब अंड्यांचा. रोहूची मादी वजनाच्या किलोमागे दोन-तीन लाख अंडी देते. ती मोजता येतात. त्यांतून मत्स्यजिरे किती निघाले, त्यांची मत्स्यबोटुकली किती झाली, हेही मोजता येते. नराबद्दल मात्र एकच ठरलेले वाक्य कानावर येते, ‘त्याचं काय, तो तयारच असतो.’ अंडी फळली नाहीत की दोष इंजेक्शनला, पाण्याला, नाहीतर मादीला. त्या पांढऱ्या थेंबात शुक्राणू किती होते, त्यांतले जिवंत किती, तो थेंब आणखी पंधरा दिवस टिकणार होता का, हे क्वचितच कोणी पाहते. ग्रंथालयातही तीच गत. अंडाशयावरच्या लेखनाने कपाटे भरतात. वृषणावरचे लेखन त्या मानाने थोडे, आणि मराठीत या विषयाला वाहिलेले पुस्तक माझ्या पाहण्यात आलेले नाही.

म्हणून या पुस्तकाचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. नराच्या शरीरात एक पंचांग असते आणि त्याची पाने बऱ्याच अंशी पाण्याची ऊब उलटते. ही ऊब एका मर्यादेपर्यंत नराला पिकवते, मर्यादेपलीकडे त्याला वांझ करते. आणि मर्यादेच्या आतही लवकर पिकणे म्हणजे वेळेवर पिकणे नव्हे.

हे घडते कसे ते पाहण्यासाठी आधी माशाच्या शरीरात शिरावे लागेल. माशाचे रक्त कल्ल्यांमधून जाताना पाण्याच्या इतके जवळ येते की शरीरात तयार झालेली उष्णता तिथल्या तिथे निघून जाते. ट्यूनासारखे मोजके अपवाद सोडले तर मासा त्याच्या पाण्याइतकाच गार किंवा ऊन असतो. पाणी दोन अंशांनी चढले की त्याच्या मेंदूतल्या, यकृतातल्या, वृषणातल्या रासायनिक क्रियांना ते दोन अंश कळतात. नराच्या पक्वतेच्या दृष्टीने हे कळणे तीन ठिकाणी महत्त्वाचे आहे.

पहिले ठिकाण मेंदू. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच नावाचे संप्रेरक सुटते आणि ते पीयूषिका ग्रंथीला, म्हणजे हॅचरीतल्या बोलीत पिट्युटरीला, जागे करते. पीयूषिकेतून एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरके रक्तात येतात. ढोबळमानाने पहिले वृषणाची वाढ सुरू करते आणि दुसरे शेवटची पक्वता व वीर्याचे सुटणे सांभाळते. त्यांच्या हुकमाने वृषण ११-कीटोटेस्टोस्टेरॉन तयार करते. माणसात टेस्टोस्टेरॉनचे जे स्थान, ते बहुतेक हाडी माशांत याचे. १९६० मध्ये कॅनडातल्या आयडलर आणि सहकाऱ्यांनी सॉकआय सॅमनच्या रक्तातून ते ओळखून वेगळे काढले. कामगाराच्या अंगठ्याला लागणारी ती खरखर म्हणजे याच पुरुषी संप्रेरकांची पावती. पाणी सोसवेल इतके उबदार असेल तर ही साखळी जोमाने चालते. त्याहून तापले की एलएच घटते, संप्रेरके घडवण्याचे काम मंदावते, ताणाचे कॉर्टिसॉल वाढते, आणि मासा धडधाकट पोहत असतानाच ऋतूतून बाहेर पडतो.

दुसरे ठिकाण खुद्द वृषण. पिकत आलेल्या वृषणाचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की एखादी गजबजलेली चाळ दिसते. छोट्या छोट्या खोल्या, आणि एका खोलीतले सगळे रहिवासी एकाच वयाचे. एका खोलीत मोठ्या केंद्रकाच्या फिकट पेशी, शेजारी गुणसूत्रे आवळून विभाजनाच्या तयारीत असलेल्या, पलीकडे गडद ठिपक्यांसारखे जवळजवळ तयार शुक्राणू. प्रत्येक खोलीच्या भिंती सर्टोली पेशींच्या. एका मूळ बीजपेशीची सारी संतती त्या भिंतींच्या आत एकत्र वाढते, एकत्र विभागते आणि एकाच वेळी बाहेर पडते. सस्तन प्राण्यांच्या वृषणात असे नसते. तिथे एकच सर्टोली पेशी अनेक पिढ्यांना एकाच वेळी सांभाळते. माशाच्या वृषणातल्या या खोल्यांमुळे संशोधकाची मोठी सोय झाली. एका खोलीतल्या पेशींवर खूण करायची आणि ती खोली किती दिवसांत पुढच्या अवस्थेला पोचते ते पाहायचे. ऊब किती घाई करते हे त्यामुळे दिवसांत मोजता आले.

१९६७ मध्ये जपानमध्ये एगामी आणि ह्योदो-तागुची यांनी मेडाका या भातखाचरातल्या छोट्या माशावर असेच मोजमाप केले. अर्धसूत्री विभाजनाच्या आरंभापासून शुक्राणूच्या कच्च्या रूपापर्यंतचा प्रवास १५ अंशांच्या पाण्यात १२ दिवसांचा होता. २५ अंशांत तोच ५ दिवसांत आटोपला. पण कच्च्या रूपाचा शेपूटधारी शुक्राणू व्हायला १५ अंशांत ८ दिवस लागले आणि २५ अंशांत ७. म्हणजे विभाजनाच्या टप्प्यावर उबेचा जोर मोठा आणि घडणीच्या टप्प्यावर नगण्य. एकाच अवयवात, दोन शेजारच्या पायऱ्यांवर उबेचे वजन इतके वेगळे! ‘पाणी तापले की सगळेच भरभर होते’ ही आपली समजूत इथेच मोडते.

दुसरे उदाहरण उजनीच्या बाजारात चिलापी या नावाने विकल्या जाणाऱ्या तिलापियाचे. ब्राझीलमधल्या संशोधकांनी नाईल तिलापियात हेच मोजमाप केले आणि २००३ मध्ये प्रसिद्ध केले. विभाजन आणि घडण मिळून २५ अंशांत १० ते ११ दिवस, ३० अंशांत सुमारे ६ दिवस. २० अंशांत मात्र काम विभाजनाच्या मध्यावरच अडून राहते, शुक्राणू बनतच नाहीत. आता वरच्या टोकाला जा. ३६-३७ अंशांच्या पाण्यात हाच मासा काही आठवडे ठेवला तर शुक्राणू ज्यांतून बनायचे त्या बीजपेशीच नाहीशा होऊ लागतात, आणि चाळीच्या खोल्या रिकाम्या दिसू लागतात. खाली थांबलेले काम, मध्ये वाढत जाणारी गती आणि वर विनाश, असा सारा आलेख एका माशात अवघ्या सतरा अंशांत बसतो. उष्ण प्रदेशातल्या उथळ तलावात हे सतरा अंश काही फार लांबचे अंतर नाही.

तिसरे ठिकाण पाण्यात, माशाच्या बाहेर. वीर्याचा थेंब काचपट्टीवर तसाच ठेवून पाहा. शुक्राणू निश्चल असतात. त्यात तळ्याच्या पाण्याचा एक थेंब मिसळा. क्षणात सारे क्षेत्र वारुळ फुटल्यासारखे उसळते, आणि मिनिट-दोन मिनिटांत शांत होते. कार्पच्या शुक्राणूला अंड्याचे सूक्ष्म द्वार गाठायला एवढाच अवधी असतो. पाणी ऊन असेल तर तो वेगाने पोहतो, पण शिदोरीही लवकर संपवतो. ऊन पाण्यात वाढवलेल्या गप्पी नरांचे शुक्राणू आखूड आणि मंद निघाल्याचेही २०१३ च्या एका अभ्यासात दिसले. म्हणजे उबेचा हिशेब वीर्य तयार झाल्यावरही चालू राहतो.

हे ज्ञान एका वाटेने आलेले नाही. नव्या वाचकाला या क्षेत्राचा नकाशा हवा म्हणून त्या वाटा थोडक्यात सांगतो.

सर्वांत जुनी वाट लोकांची. पहिल्या पावसात ओढ्यांतून वर चढणारे वलगणीचे मासे कोकणात कोणाला माहीत नाहीत? पश्चिम बंगालच्या बांकुरा, मेदिनीपूर भागात पावसाचे पाणी बांधात अडवून त्यात कार्पची वीण घडवण्याची पद्धत इंजेक्शन येण्याच्या कितीतरी आधीपासून होती. या सगळ्यामागे एक न लिहिलेले सूत्र होते: उन्हाळ्याने पिकवायचे आणि पावसाने सोडवायचे. मार्च ते मे या महिन्यांत चढत जाणारी ऊब रोहू, कटला, मृगळ यांचे वृषण आणि अंडाशय भरते, आणि मृगाच्या सरींनी पाणी उतरले, गढूळले, वाहू लागले की शेवटची कळ दाबली जाते.

प्रयोगशाळेतली वाट युरोपातून सुरू झाली आणि तिच्या मुळाशी नरच होता. स्टिकलबॅक नावाचा बोटभर मासा विणीच्या काळात लाल पोटाचा होतो. मूत्रपिंडातून झरणाऱ्या चिकट द्रव्याने गवताच्या काड्या जोडून नर घरटे बांधतो. १९३१ मध्ये इंग्लंडच्या क्रेग-बेनेट यांनी त्याच्या वर्षभराच्या चक्राचा अभ्यास करून तापमानाला प्रमुख स्थान दिले. १९५७ मध्ये नेदरलँड्सच्या बॅगरमन यांनी दिवसाच्या लांबीचा वाटा ठळकपणे दाखवला. प्रकाश की ऊब, हा वाद पुढची अनेक दशके चालला. स्वीडनच्या बोर्ग यांच्या कामाने त्यात आणखी एक पदर जोडला. या माशात शुक्राणू विणीचा हंगाम संपल्यावर, शरदाच्या सुमारास तयार होतात आणि वसंतापर्यंत साठून राहतात. विणीच्या ऐन काळात पुरुषी संप्रेरके भरपूर असतात, पण नवे शुक्राणू बनणे थांबलेले असते. शुक्राणू घडवणारा ऋतू आणि वीण करणारा ऋतू वेगवेगळे असू शकतात, हे तेव्हा उमगले. नराची पक्वता ही एकच घटना नसून ओळीने घडणाऱ्या घटनांची मालिका आहे, आणि प्रत्येक घटनेला वेगळी ऊब लागू शकते.

भारतात या वादाला वेगळे वळण मिळाले, आणि त्याला भूगोल कारणीभूत होता. नॉर्वेतल्या बर्गनला वर्षातला सर्वांत मोठा दिवस आणि सर्वांत लहान दिवस यांत सुमारे १३ तासांचे अंतर असते. मुंबईत ते जेमतेम सव्वादोन तासांचे. इथल्या माशाला प्रकाशाच्या घड्याळावर पूर्ण विसंबता येत नाही. दिल्ली विद्यापीठात सुंदरराज आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सिंघी या माशावर वर्षानुवर्षे काम केले. तयारीचा काळ, विणीपूर्व काळ, विणीचा काळ आणि विणीनंतरचा काळ अशी वर्षाची चौकट त्यांनी मांडली, आणि प्रजनन अवयवांच्या वाढीत उबदार पाण्याचे वजन किती मोठे आहे ते दाखवले. उष्ण कटिबंधातल्या माशाला समशीतोष्ण देशाच्या मापाने मोजू नये, हा या परंपरेचा धडा आहे.

तिसरी वाट पीयूषिकेची. अर्जेंटिनात उसाय यांनी १९३० च्या सुमारास माशांना पीयूषिकेचा अर्क टोचून पाहिला, ब्राझीलने ते तंत्र पुढे नेले, आणि १९३८ मध्ये हमीद खान यांनी मृगळवर तसा प्रयत्न केला. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल येथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी भारतीय कार्पची प्रेरित वीण यशस्वी करून दाखवली. तोच दिवस आपण राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतो. महाराष्ट्रातही याच प्रवाहात लोणावळ्याच्या वळवण येथे डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी दख्खनच्या म्हसीरचे बीज तयार करण्याचे काम उभे केले. या यशाने देशाचा मत्स्यव्यवसाय बदलला. सोबत एक गैरसमजही पसरला, की इंजेक्शन मिळाले म्हणजे ऋतूची गरज संपली. प्रत्यक्षात इंजेक्शन फक्त शेवटची कळ दाबते. महिनोन्‌महिने चाललेले पिकणे पाण्यानेच करायचे असते. कच्च्या नराला कितीही औषध टोचले तरी जे वृषणात बनलेच नाही ते बाहेर येणार नाही.

चौथी वाट जपानची, पेशींच्या घड्याळाची. एगामींचा उल्लेख आलाच आहे. १९९१ मध्ये मिउरा, नागाहामा आणि सहकाऱ्यांनी जपानी वामच्या वृषणाचे तुकडे शरीराबाहेर जोपासले आणि ११-कीटोटेस्टोस्टेरॉन देऊन शुक्राणू बनण्याच्या साऱ्या अवस्था काचेच्या भांड्यात घडवून दाखवल्या. संप्रेरकाची भूमिका त्यामुळे निःसंशय सिद्ध झाली.

पाचव्या वाटेने तर मूळ प्रश्नच मागे नेला. नर कधी पिकतो याच्या आधी, नर कोण होतो? १९८१ मध्ये अमेरिकेतल्या कोनोव्हर आणि कायनार्ड यांनी दाखवले की अटलांटिक सिल्व्हरसाइड या माशात पिल्लावस्थेतल्या पाण्याचे तापमान लिंग ठरवण्यात भाग घेते. गार पाण्यात माद्या जास्त, ऊन पाण्यात नर जास्त. अर्जेंटिनाचा पेहेरेई मासा त्याहून टोकाचा: १७ अंशांत वाढवलेली सारी पिल्ले माद्या, २९ अंशांत सारी नर. युरोपीय सी-बासमध्ये २०११ साली यामागची एक कडी सापडली. पिल्लावस्थेतली ऊब अरोमाटेज या एन्झाइमच्या जनुकावर रासायनिक खुणा वाढवते, जनुक दबते, पुरुषी संप्रेरकाचे स्त्री संप्रेरकात रूपांतर कमी होते आणि पिल्लू नर होते. कोवळ्या वयातल्या काही आठवड्यांची ऊब जन्मभराचा शिक्का मारून जाते.

सहावी आणि सर्वांत नवी वाट जनुकांची, आणि तिचा नायक अटलांटिक सॅमन. २०१५ मध्ये नॉर्वे आणि फिनलंडमधल्या संशोधकांनी दाखवले की सॅमन समुद्रात किती वर्षे काढून पिकतो यातला सुमारे ३९ टक्के फरक एकट्या व्हीजीएलएल-३ या जनुकाच्या परिसराशी जोडता येतो. जनुक कल ठरवते, पाणी त्या कलाला संधी देते. १६ अंशांचे पाणी आणि अखंड उजेड मिळाला की बंदिस्त टाक्यांतले कोवळे नर भराभर पिकतात, हे नॉर्वेतल्या प्रयोगांत २०११ मध्ये दिसले होते. लवकर पिकलेल्या नराची वाढ मंदावते, मांसाचा रंग फिका पडतो, त्याची प्रतिकारशक्ती खालावते, आणि पाळणाऱ्याचे नुकसान होते. वाढ वेगाने व्हावी म्हणून दिलेली ऊबच वाढीच्या मुळावर येते.

आता या विषयाची निकड. पाणी तापते आहे आणि मासे त्याची नोंद आपल्या आधी घेत आहेत. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम बंगालच्या हॅचऱ्यांचा अभ्यास केला. १९८०-८५ च्या सुमारास कार्पच्या विणीचा हंगाम ११० ते १२० दिवसांचा होता. २०००-०५ पर्यंत तो १६० ते १७० दिवसांचा झाला, आणि मासे मार्चमध्येच पिकू लागले. हंगाम लांबला ही व्यावसायिकाला बातमी चांगलीच वाटते. पण नदीतल्या माशाचे काय? मार्चमध्ये पिकलेल्या नराला पूर जूनमध्येच मिळणार. पूर नाही, पसरलेले उथळ पाणी नाही, पिल्लांना खायला प्लवक नाही. हॅचरीत माणूस ही दरी फवाऱ्याने आणि इंजेक्शनने भरून काढतो. नदीत ती भरणारे कोणी नसते.

समुद्रातही हेच. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने चेन्नईजवळच्या राणी माशाच्या जुन्या-नव्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा १९८१ ते २००४ या काळात त्याच्या विणीचा भर उन्हाळी महिन्यांकडून ऑक्टोबर ते मार्च या गार महिन्यांकडे सरकलेला आढळला. रत्नागिरीच्या बंदरात ट्रॉलरमधून टोपल्या भरून उतरणारा आणि सुरिमीसाठी जाणारा हाच राणी मासा. रोहूने वीण अलीकडे ओढली, राणीने थंडीत ढकलली. दोघांचीही धडपड एकच, सोसवणारी ऊब गाठायची. म्हणून ‘तापमान वाढले की मासे लवकर विणतात’ असे सरसकट विधान करणे चुकीचे आहे. मासा आपल्या उबेच्या खिडकीच्या कोणत्या कडेला उभा आहे त्यावर त्याचे उत्तर अवलंबून असते.

ही खिडकी विणीच्या वेळी सर्वांत अरुंद असते, हे २०२० मध्ये डाल्के आणि सहकाऱ्यांनी ६९४ जातींच्या माहितीवरून मांडले. एरवी पोहणारा प्रौढ मासा जी उष्णता सोसतो, ती विणीच्या अवस्थेतल्या प्रौढाला आणि अंड्यातल्या गर्भाला सोसत नाही. त्यांच्या अंदाजाप्रमाणे पृथ्वीची तापमानवाढ दीड अंशावर थोपवली तर सुमारे १० टक्के जाती विणीच्या प्रदेशात अडचणीत येतील, आणि वाढ पाच अंशांकडे गेली तर ६० टक्क्यांपर्यंत. मासे मरून पाण्यावर तरंगतील तेव्हा आपण जागे होणार असू, तर फार उशीर झालेला असेल. त्याच्या कितीतरी आधी, जिवंत आणि धडधाकट दिसणाऱ्या माशांचे वंश थांबलेले असतील. भंडारा-गोंदियाचे उथळ मालगुजारी तलाव चैत्र-वैशाखात कसे तापतात हे तिथल्या ढीवर बांधवांना विचारावे. त्यांच्या पोटाचा प्रश्न या खिडकीशी बांधलेला आहे.

या पुस्तकाने काय करायचे ठरवले तेही सांगायला हवे. हे पाठ्यपुस्तक नाही आणि हॅचरीची मार्गदर्शिकाही नाही, पण दोन्हींच्या वाचकाला इथे हक्काने यावेसे वाटावे अशी इच्छा आहे. मत्स्यविज्ञानाचा विद्यार्थी, बीज केंद्र चालवणारा व्यावसायिक, मच्छीमार संस्थेचा सचिव आणि पाण्याबद्दल कुतूहल असलेला कोणीही, असा वाचक लिहिताना डोळ्यांपुढे होता. पुस्तक नराच्या आयुष्याच्या क्रमाने जाते: अंड्यातल्या पिल्लापासून पहिल्या पक्वतेपर्यंत, आणि पक्वतेपासून ओसरण्यापर्यंत. प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारला आहे, इथे ऊब काय करते? मादी वगळलेली नाही. दोघांचे वेळापत्रक जुळते की चुकते, हाच तर मुद्दा आहे. पण या वेळी दिवा नरावर धरला आहे.

भाषेबाबत एक धोरण ठेवले. वृषण, शुक्राणू, संप्रेरक हे रुळलेले शब्द तसेच घेतले. हाप्याला हापा आणि हॅचरीला हॅचरीच म्हटले, कारण तळ्यावर तेच शब्द चालतात. आकड्यांबाबतही एक पथ्य पाळले. प्रत्येक आकड्यासोबत मासा कोणता आणि पाणी किती अंशांचे हे सांगितले आहे, कारण मेडाकाचा आकडा रोहूला लावणे म्हणजे एका गावचे पंचांग दुसऱ्या गावी वाचणे.

आता त्या तीन प्रश्नांकडे परत येतो. पाण्यात उभ्या असलेल्या त्या गृहस्थांना मी आज काय सांगेन? नर लवकर पिकला, कारण त्याच्या कामाचा मोठा भाग पेशींच्या विभाजनाचा आहे आणि विभाजनाला ऊब मोठी घाई करते. मादी मागे राहिली, कारण तिला अंड्याअंड्यात पिवळा बलक भरायचा असतो. तो यकृतात बनतो, रक्तातून येतो, त्याला महिने आणि भरपूर अन्न लागते, आणि ते काम नुसत्या उबेने उरकत नाही. आणि नर ओसरला, कारण पिकल्यानंतरही पाणी चढतच राहिले, संप्रेरकांचा जोर उतरू लागला आणि वीर्यात शुक्राणूंपेक्षा पाण्याचाच अंश वाढला. उपाय अवघड नाही. प्रजनक तळ्याची खोली वाढवावी, वैशाखात सावली आणि ताजे पाणी द्यावे, नर आणि माद्या वेगळ्या ठेवाव्यात, आणि सर्वांत आधी पाण्याचे तापमान रोज मोजावे.

ते उत्तर द्यायची संधी मला मिळाली. त्या पहाटेनंतर दुसऱ्या वर्षी मी त्याच केंद्रावर गेलो, तेव्हा पंपघराच्या खिळ्याला दोरीने बांधलेली एक शंभर पानी वही होती. प्रत्येक पानावर तीन रकाने: तारीख, सकाळचे पाणी किती अंश, आणि तिसऱ्यात नराच्या पराबद्दल एक-दोन शब्द, ‘गुळगुळीत’, ‘थोडा खरखरीत’ किंवा ‘खरखरीत’. चैत्रापासून एकही दिवस चुकलेला नव्हता. मी वाचलेल्या कित्येक शोधनिबंधांपेक्षा ती वही मला जास्त शिकवून गेली, कारण त्या तळ्याचे, त्या माशांचे आणि त्या वर्षाचे पंचांग फक्त तिच्यातच होते. हे पुस्तक वाचून आणखी चार तळ्यांवर अशा चार वह्या सुरू झाल्या, तर ते लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.